राक्षस, पन्नासच्या आत

परदेशी पुतळा एक, अंगठ्याएवढा.
किंमत तेराशे, वर टपाल, वर जकात.
तेवढ्यात आम्हा पाचजणांचा महिन्याचा चहा, भजी,
शहापुरात चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीचं भाडं
निघून काहीतरी उरतंच.

म्हणून केतकीचा जादूगार
दोन वर्षं माझ्या शर्टाचं बटण होता.
इर्शादचा योद्धा: बुद्धिबळातला उंट, मान नसलेला.
फ्लोरीची चोरटी: कानातला डूल,
जोडीदार गोव्याच्या बसमध्ये हरवलेला.
पिशाच्चं म्हणजे चिंचोके.
मेले की बसलिंग ते खिशात घाले
आणि घरी आईच्या चौकाबाऱ्यात परत नेऊन ठेवी.

मी उद्यमबागेत फौंड्रीचं स्टोअर सांभाळतो.
रात्रपाळीच्या मेस्त्रीला एकदा म्हटलं,
उरल्यासुरल्या बिडात एक शूरवीर ओतून दे.
दिला. पाव किलोचा.
पटावर ठेवला तर नकाशातला डोंगर फाटला.

दिवाळी होऊन चार दिवस झालेले.
गणपत गल्लीच्या कडेला गोणपाटावर
पोरांच्या किल्ल्यांची उरलेली फौज उभी.
मावळे, भालदार, दोन वाघ, एक गवळण,
एक तोफ, तिच्यात कुणीतरी शेंगांची टरफलं कोंबलेली.
"उद्या बांधून नेणार परत खानापूरला," बाई म्हणाली.
"काय पाहिजे?"
"ढाल नसलेले कितीला?"
"ढाल नसलेले पाचला. हात नसलेले दोनला."
माझ्यामागून एकजण कन्नडात भाव पाडत होता.
त्याला ती कन्नडात नाही म्हणाली, मला मराठीत.
पैसे मोजताना नुसते ओठ हलले,
कुठल्या भाषेत, ते कळलं नाही.

बावीस घेतले. नव्वदात.
मग धीर करून विचारलं, राक्षस आहे काय?
"कसला?"
"पंखवाला. आग ओकणारा.
सुसरीचं तोंड, वटवाघळाचे पंख, शेपटीला काटे."
तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं:
पाठीवर डब्याची पिशवी, कानाजवळ पिकलेले केस.
"पोरासाठी?"
"नाही. मलाच."
"करून बघते की. खरं, सुसर मी बघितली नाही.
पन्नासच्या आत देते. बुधवारी या.
फाटकापाशी यल्लूबाईचं घर कुणीबी दाखवतंय."

गेलो. चाळीसच घेतले.
सुसर त्याच्यात कुठंच नव्हती.
तोंड रेडकाचं. पंख सुपासारखे.
शेपटीला काट्यांऐवजी वेणी घातलेली.
डोळे मोठे,
दुपारच्या झोपेतून कुणी हाक मारून उठवल्यागत.
"आग कुठाय?"
"पोटात हाय. भाईर काढली तर मोडती."

रविवारी त्याला गुहेत ठेवला.
गुहा म्हणजे चष्म्याचं उघडं खोकं.
सहा महिने त्याला मारायला निघालेले चौघं
वाकून बघत राहिले.
फासा कुणी उचलेना.
इर्शादनं तलवार उपसली, तोंडानंच,
आणि तोंडानंच म्यान केली.
फ्लोरी म्हणाली, ह्यानं सकाळपासून काय खाल्लंय विचार.
बसलिंग म्हणाला,
"त्याच्याशी बोलायचं तर, भाषा कुठली ह्याची?"

सगळे माझ्याकडं.
खेळ चालवणारा मी, सांगावं मलाच लागणार.
नियमांच्या पुस्तकात राक्षसांची वेगळी भाषा आहे,
लिपीसकट.
मी म्हटलं, "खानापूरची."
"मग जमलं की,"
म्हणत बसलिंगनं खुर्ची पुढं ओढली.

साडेअकरापर्यंत बोलणी चालली.
खजिना अर्धा अर्धा ठरला.
केतकीनं त्याच्याकडून पावती मागितली.

निघताना कुणाच्या तरी बाहीत अडकून
डाव्या पंखाची कड उडाली.
टेबलाखाली तांबडा भुगा. शोधून कागदात बांधला.

वहीत लिहिलं:
सैनिक बावीस, नव्वद रुपये.
राक्षस एक, चाळीस.
गोंद, पाच.
आणि जादूगाराला आता ढाल नसलेला मावळा मिळाल्यामुळं
बटण शर्टाला परत लावलं,
दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं.